मास्तरीण आणि हवालदारीण

मराठीत बायकांच्या पदव्या बहुतेक नवऱ्याकडून आलेल्या आहेत. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. देशमुखीण, कुलकर्णीण तशाच. मास्तरीण हा शब्दही मुळात मास्तरांच्या बायकोसाठीच होता. पण पुढे बायका स्वतः शाळेत शिकवू लागल्या आणि बघता बघता शब्दाचा अर्थ पालटला. मी चौतीस वर्षं मास्तरीण होते ती माझ्या स्वतःच्या पगारावर, आमचे हे तर टेल्कोत होते!

हवालदारीण या शब्दाचं मात्र अजून तसं झालेलं नाही. आजही हवालदारीणबाई म्हटलं की पोलीस लाईनीत पापड वाळत घालणारी बाईच डोळ्यांपुढे येते. खाकीतल्या बाईला आपण 'मॅडम' म्हणून मोकळे होतो. कागदोपत्री ती असते 'मपोशि', म्हणजे महिला पोलीस शिपाई. पुरुष शिपाई नुसता 'पोशि'. 'पुपोशि' असं लिहिलेलं मी अजून कुठे वाचलेलं नाही.

निवृत्त मास्तरणीला शब्दांचे चाळे सुचायचेच, म्हणून सोडून द्या. पण गेले तीन आठवडे आमच्या घरात जो वाद चालला आहे तो फिरून फिरून या एका 'म' पाशीच येतो आहे. माझ्या धाकट्या जाऊबाईंची नात पोलिसात आहे. तिच्या वरिष्ठांनी तिला ठाण्याच्या तपास पथकात, म्हणजे पोलीस ज्याला डीबी म्हणतात त्यात, येतेस का असं विचारलं आहे. पोरीची इच्छा आहे. घरातल्या बाकी सगळ्यांचं म्हणणं, आता बास, लेकरू चार वर्षांचं झालं, आता कुठेतरी टेबल घे. पासपोर्टच्या पडताळणीचं टेबल, नाहीतर बिनतारीचं, नाहीतर बारनिशी. (बारनिशी म्हणजे ठाण्याची आवक-जावक. हा जुना दफ्तरी शब्द पोलिसांनी अजून जपून ठेवलाय याचं मला फार कौतुक आहे.) आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावर इतके संदेश पडले की मी तिथे लिहिणं सोडून दिलं. मला काय वाटतं ते इथे सविस्तर लिहिते. जाऊबाई, विहीणबाई, तुम्ही दोघीही हे वाचता ते मला ठाऊक आहे. रागावू नका, पण पूर्ण वाचा.

आधी थोडं मागचं सांगते, म्हणजे बाहेरच्या वाचकांना संदर्भ लागेल.

मी भोसरीत शिकवायला लागले तेव्हा शेवटच्या तासाला मुलींना विचारायची, पुढे काय होणार गं? उत्तरं ठरलेली असायची. डी.एड., नर्स, टायपिंग. पोलीस असं एकही मुलगी म्हणत नसे. मुलगे म्हणायचे, आणि तेही कवायतीत पुढे आणि गणितात मागे असलेले! मग १९९४ साली राज्याने महिला धोरण आणलं, सरकारी नोकऱ्यांत तीस टक्के जागा मुलींना मिळू लागल्या, आणि दोन-तीन वर्षांतच माझी एक जुनी विद्यार्थिनी खाकी घालून पेढे द्यायला शाळेत आली. शिपाईमामांनी तिला बसायला माझी खुर्ची दिली होती. ती आता सहायक फौजदार आहे. तिच्याबद्दल पुढे लिहिणारच आहे.

आता काळ किती बदललाय बघा. इंद्रायणीनगरच्या क्रीडा संकुलाच्या बाजूने पहाटे साडेपाचला फिरायला जा. ओढणी कमरेला बांधून पळणाऱ्या पोरी दिसतील. कुणी खेडहून आलेली, कुणी जुन्नरहून, कुणी थेट परभणीची, इथे मावशीकडे राहून भरतीची तयारी करणारी. आठशे मीटर, शंभर मीटर आणि चार किलोचा गोळा, मिळून पन्नास गुण. नंतर लेखी परीक्षा शंभर गुणांची. एकीचा भाऊ घड्याळ लावून उभा असतो, एकीचा बाप रिक्षा बाजूला लावून केळी घेऊन थांबलेला असतो. हे दृश्य मला अतिशय आवडतं. म्हणजे पोरीने पोलीस व्हावं याला घरातून विरोध आहे असं आता म्हणता येत नाही. उलट निवड झाली की गावात फ्लेक्स लागतो.

माझी तक्रार त्या फ्लेक्सनंतर काय होतं त्याबद्दल आहे.

आमची पोरगी २०१७ च्या भरतीत पुणे ग्रामीणला लागली. प्रशिक्षण खंडाळ्याला. नेमणूक मिळाली आणि काही महिन्यांतच, ३० जुलै २०१८ ला, मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकणला जाळपोळ झाली. बसगाड्या पेटल्या, पोलिसांची वाहनं फुटली. ती त्या दिवशी बंदोबस्तात होती. रात्री अकराला तिचा फोन लागेपर्यंत जाऊबाईंनी पाण्याचा घोट घेतला नव्हता. त्यानंतर पंधरा दिवसांनी, १५ ऑगस्टला, पिंपरी-चिंचवडचं वेगळं पोलीस आयुक्तालय सुरू झालं. पुणे शहराकडची पिंपरी, भोसरी, निगडी, वाकड वगैरे ठाणी आणि ग्रामीणकडची चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव अशी एकत्र केली गेली, आणि आमची ही बसल्या जागी ग्रामीणची शहरी झाली. नव्या आयुक्तालयाला चिंचवडला प्रेमलोक पार्कात जागा मिळाली ती महापालिकेच्या शाळेची इमारत होती. शाळेला नाव महात्मा फुल्यांचं. शाळेच्या इमारतीत दुसरं काही आलं की माझ्या पोटात दुखतं, पण पोलिसांच्या बाबतीत मी ते दुखणं गिळलं.

तर या सात वर्षांत तिने काय काम केलं? बंदोबस्त. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूत तुकोबांची पालखी, दुसऱ्या दिवशी ती आकुर्डीच्या मुक्कामी आणि त्याच दिवशी आळंदीत माउलींचं प्रस्थान. मग गणपती, नवरात्र, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे. स्त्री आरोपीला कोर्टात नेणं, ससूनला नेणं. झडती स्त्रीची असली की बोलावणं. महिला मोर्चा असला की पुढे उभं राहणं. ठाण्यात असेल तेव्हा कॉम्प्युटरवर फिर्याद टंकणं, कारण 'तुझं अक्षर आणि टायपिंग चांगलं आहे'. मी बी.ए. मराठी, शुद्धलेखनाची कट्टर, तरीही चांगल्या अक्षराची शिक्षा कशी होते ते या पोरीमुळे मला कळलं.

हे सगळं काम लागतंच, त्याला मी हलकं म्हणत नाही. पण पोलिसाचं पोलीसपण ज्यात आहे ते काम म्हणजे तपास. गुन्हा कुणी केला, कसा केला, पुरावा काय, साक्षीदार कोण. ते शिकायला मिळतं तपासी अंमलदाराच्या मागे हिंडून, पंचनाम्याला उभं राहून, दहा वेळा खोटं ऐकून अकराव्या वेळी ते ओळखून. नेमकी तिथेच बायकांना खुर्ची नाही. कुणी मनाई केली आहे असंही नाही. फक्त कुणाला सुचत नाही, आणि सुचलंच तर घरचे नको म्हणतात.

माझ्या त्या जुन्या विद्यार्थिनीला मी गेल्या दिवाळीत विचारलं, तुझ्या सगळ्या नोकरीत तपास किती केलेस गं? ती हसली. म्हणाली, "बाई, चार-दोन अदखलपात्र सोडले तर नाही. लोक मला बघून उठून उभे राहतात, पण केस डायरी लिहायची वेळ आली की मी शेजारच्या मुलाला विचारते." जवळजवळ तीस वर्षांची नोकरी! पहिल्या ठाण्यात तिला कपडे बदलायला खोली नव्हती, घरून गणवेश घालून निघायची आणि दिवसभर पाणी कमी प्यायची. (कोणतं ठाणं ते लिहीत नाही, आता तिथे सोय झाली आहे.) तिला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते तपास हाती आला नाही याचं.

हा प्रश्न आता आणखी टोकदार झालाय. २०२२ साली राज्य सरकारने पोलीस नाईक हे पदच काढून टाकलं. शिपायाचा थेट हवालदार, मग सहायक फौजदार, आणि शेवटी फौजदार होऊन निवृत्त होता यावं असा त्यामागचा विचार. विचार उत्तम आहे. आमच्या पोरीच्याही खांद्यावर कधीतरी तारे येतील. पण तोवर ती बारनिशीतच बसलेली असली तर त्या ताऱ्यांचं करायचं काय? सातवीपर्यंत खडूला हात न लावता मुख्याध्यापक झालेले महाभाग मी पाहिले आहेत. शाळेचं काय होतं तेही पाहिलं आहे.

आता कायद्याची बाजू. ती आमच्या ग्रुपवर कुणालाच माहीत दिसत नाही.

१९७२ साली मी बी.ए. होऊन बी.एड.ला होते. त्याच वर्षी किरण बेदी भारतीय पोलीस सेवेत गेल्या, देशातल्या पहिल्या महिला आयपीएस. वसतिगृहात वर्तमानपत्रातला त्यांचा फोटो आम्ही कापून लावला होता. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजला, चौकशीसाठी पोलीस ठाण्यात आलेल्या एका कोवळ्या आदिवासी मुलीने दोघा पोलिसांवर अत्याचाराचा आरोप केला. तो मथुरा खटला. उच्च न्यायालयाने दोघांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सोडून दिलं. कारण काय, तर मुलीने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत. त्यावर चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, त्यांत आपल्या वसुधा धागमवार होत्या. मोर्चे निघाले, आणि १९८३ साली कायदा बदलला.

तिथून पुढे कायदा एकेक पाऊल बाईच्या दिशेने सरकत आला आहे. २००५ च्या दुरुस्तीने सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायला बंदी आली. अगदीच अपवाद असेल तर स्त्री अधिकारी हवी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी हवी. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लहान मुलाचा जबाब शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, तोही फौजदाराच्या खालच्या दर्जाच्या नव्हे, आणि गणवेश न घालता घ्यावा असं ठरवलं. दिल्लीच्या घटनेनंतर २०१३ साली अत्याचाराची फिर्याद स्त्री अधिकाऱ्यानेच नोंदवावी असं आलं. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, त्यांतही हे सगळं कायम आहे.

म्हणजे कायद्याला पावलोपावली स्त्री अधिकारी हवी आहे. पण देशातल्या पोलीस दलांत बायका २०२२ साली बारा टक्क्यांच्याही आत होत्या, आणि अधिकारी पदांवर त्याहूनही कमी. मग होतं काय? रात्री दोन वाजता शेजारच्या ठाण्यातून फोन येतो, 'मॅडम, जबाब घ्यायचा आहे.' मॅडम जातात, रडणाऱ्या मुलीला पाणी देतात, तासभर बसून जबाब लिहितात, सही घेतात आणि घरी येतात. पुढचा तपास करतो दुसराच कुणीतरी. त्या मुलीने जे सांगितलं ते मॅडमना कळलेलं असतं, जे सांगता सांगता गिळलं तेही त्यांनी पाहिलेलं असतं. पण आरोपीसमोर मॅडम नाहीत, पंचनाम्याला नाहीत, दोषारोपपत्र लिहिताना नाहीत. हा लेखनिकाचा वापर झाला. कायद्याला एवढंच अपेक्षित होतं असं मला वाटत नाही.

वरच्या पदांवर असं चालत नाही हे आपण पाहिलेलं आहे. मीरा बोरवणकर १९९४ च्या जळगाव प्रकरणाच्या तपासात होत्या, २००४ साली मुंबईच्या गुन्हे शाखेच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या आणि २०१० साली पुण्याच्या पहिल्या महिला पोलीस आयुक्त. तेव्हा आपली पिंपरी-चिंचवड पुण्यातच होती, म्हणजे आपल्याही. रश्मी शुक्ला २०१६ ते २०१८ पुण्याच्या आयुक्त होत्या आणि जानेवारी २०२४ मध्ये राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. महासंचालिका नव्हे, महासंचालक! अगदी वर पोचलं की 'म' गळून पडतो, बघा. पण या आयपीएस झालेल्या. आठशे मीटर पळून आलेल्या खेडच्या पोरीला त्यांच्या फोटोचा उपयोग भिंतीवर लावण्यापुरता. तिचं नशीब ठरतं ते तिच्या ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक सकाळच्या हजेरीला तिला कुठे पाठवतो यावर.

आता घरच्यांचे आक्षेप. पहिला, धोका. धोका आहेच. पण चाकणच्या जाळपोळीत ती रस्त्यावर उभी होती तेव्हा ते टेबल नव्हतं. बंदोबस्तातला शिपाई दगड खातो आणि तपास पथकातला पुरावे शोधतो, यात कुठल्या आईला पहिलं काम जास्त सुरक्षित वाटतं ते मला समजत नाही.

दुसरा, रात्र. बाईमाणसाने रात्री-अपरात्री हिंडायचं का? हा आक्षेप घेणारी माणसं कुठे राहतात, तर चाकणला आणि मोशीला! संध्याकाळी आपल्याच दारावरून कंपन्यांच्या बस जातात, त्यांत पोरी बसलेल्या असतात. २०१५ साली महाराष्ट्राने कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती करून बायकांना रात्रपाळीची मुभा दिली. हिंजवडीला तर त्याच्या कितीतरी आधीपासून रात्र म्हणजे दिवस आहे. २००७ च्या नोव्हेंबरात तिथल्या एका बीपीओत रात्रपाळीला निघालेल्या मुलीला कंपनीच्या ठेक्यावरच्या टॅक्सीचालकाने आणि त्याच्या साथीदाराने गहुंज्याच्या बाजूला नेऊन मारलं. दोघांना फाशी झाली, दयेचे अर्ज फेटाळले गेले. पण अंमलबजावणीला उशीर झाला म्हणून २०१९ साली उच्च न्यायालयाने ती शिक्षा पस्तीस वर्षांच्या कैदेत बदलली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. सतरा वर्षं तो खटला आपल्या आसपास होता. या पट्ट्यातल्या हजारो पोरी रात्री कामावर जाणार, आणि त्यांच्यासाठी नेमलेल्या खाकीतल्या पोरीला मात्र आपण सातच्या आत घरी बोलावणार. हे कसं जमायचं?

तिसरा आक्षेप आठ तासांचा, आणि तो मला थोडा पटतो, म्हणून त्यावर जास्त लिहिते. पोलिसांची पाळी बारा तासांची. पुणे ग्रामीण, नागपूर शहर, अमरावती शहर इथे २०२१ साली महिलांसाठी आठ तास करून पाहिले आणि जानेवारी २०२२ मध्ये तेव्हाचे महासंचालक संजय पांडे यांनी ते राज्यभर लागू करायचे आदेश दिले. सणवार आणि तातडीची वेळ सोडून, अर्थात. आमच्याकडे सगळ्यांनी देवापुढे साखर ठेवली. आता विहीणबाई म्हणतात, टेबलावर आठ तास मिळतात, तपास पथकात मिळणार नाहीत, मग हातातली सवलत सोडायची कशाला?

खरं आहे. चोर काही आठ तासांत सापडायचं कबूल करत नाही. पण मला त्या सवलतीतच मेख दिसते. आठ तास फक्त बायकांना दिले की ठाण्यातले बारा तासवाले मनातून चिडतात, आणि साहेबाला आयतं कारण मिळतं, 'तुम्ही आठ तासवाल्या, तुम्हाला तपास कसा द्यायचा?' सवलत अशा रीतीने कुंपण होऊन बसते. मे २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळ्या करून पाहिल्या होत्या, त्या बायका-पुरुष सगळ्यांसाठी. आराखडा तिथल्याच एका शिपायाने मांडलेला. मला तो मार्ग बरोबर वाटतो. पोलिसाला लेकरू असतं तसं त्याला बापही असतो, आणि तो बाप पोलिसात असला तर बारा तासांनी घरी येऊन तोही माणसात राहत नाही. सगळ्यांना आठ तास द्या आणि मग तपास वाटताना मुलगा-मुलगी बघू नका. माणसं कमी आहेत हे मला माहीत आहे. ती भरा, पोरी पहाटे पळतच आहेत.

आता ही पोरगी तपास पथकासाठी साहेबांच्या नजरेत कशी आली ते सांगते, कारण घरात तेवढंच कुणी विचारलेलं नाही!

मार्चमध्ये चाकणच्या बाजूला, जिथे कंत्राटी कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्यांच्या लाईनी आहेत, तिथली सोळा वर्षांची मुलगी नाहीशी झाली. आईबाप मराठवाड्यातून आलेले, दोघंही कंपनीत हेल्पर. अठराच्या आतलं मूल हरवलं की अपहरणाचा गुन्हा नोंदवावा लागतो, २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून. गुन्हा नोंदला गेला. पथकातल्या मुलांनी बापाला विचारलं, शेजारच्या टपरीवाल्याला विचारलं, मोबाईल बंद. आमचीला बरोबर नेलं होतं ते आईला धीर द्यायला. ही धीर देऊन झाल्यावर उठली आणि लाईनीच्या टोकाला नळावर बायका भांडी घासत होत्या तिथे जाऊन बसली. गणवेशातच. अर्धा तास कुणी बोललं नाही. मग एकीने नुसतं विचारलं, तुम्हाला पोरंबाळं किती? तिथून सुरू झालेलं बोलणं संपलं तेव्हा हिला कळलं होतं की मुलीला एका लांबच्या नातेवाइकाशी लावून द्यायचं ठरत होतं, ती पळाली नव्हती तर पळवून लपवली होती, आणि लपवणारी तिची सख्खी मावशी होती. दोन दिवसांनी मुलगी मावशीकडे सुखरूप सापडली. मग ते लग्न थांबलं. चौकशीच्या कागदावर आमचीचं नाव कुठेही नाही. पण ठाण्यातल्या एका साहेबाने ते पाहिलं आणि विचारलं, येतेस का पथकात?

ही गोष्ट तिने मला रात्री फोनवर सांगितली तेव्हा तिचा आवाज मी ओळखला. वर्गात कठीण गणित सुटल्यावर मुलांचा होतो तो आवाज. बंदोबस्तावरून आलेल्या पोरीचा आवाज सात वर्षांत तसा मी कधी ऐकला नव्हता. आणि बायकाच बायकांशी बोलू शकतात असलं काही मी म्हणत नाहीये. त्या लाईनीत पुरुषांनी काय लपवलं ते पुरुष पोलिसालाच समजलं असतं. दोघं बरोबर गेले म्हणून काम झालं. मी एवढंच म्हणते आहे, दोघांनाही बरोबर जाऊ द्या.

जावई भला माणूस आहे. कंपनीत तीन पाळ्यांत काम करतो, त्यामुळे पाळी म्हणजे काय हे त्याला समजवावं लागत नाही. तो म्हणतो, 'तिचं ती ठरवेल, फक्त मुलाचं काय ते सांगा.' आख्ख्या ग्रुपवर व्यवहाराचा हा एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर मात्र कुणी दिलं नाही. म्हणून मी देते. माझं घर त्यांच्यापासून वीस मिनिटांवर आहे. ज्या आठवड्यात दोघांच्याही रात्री एकत्र येतील त्या आठवड्यात मुलगा माझ्याकडे झोपेल. बालवाडीची रिक्षा आमच्या कोपऱ्यावरून जाते, मी रिक्षावाल्याशी बोलून ठेवलंय. विहीणबाई, तुमचा गुडघा दुखतो आणि तुम्हाला एकटीवर सगळं पडेल ही तुमची भीती खरी आहे. पण त्याचं औषध तिचं काम बदलणं नव्हे. मंगळवार-गुरुवार माझ्याकडे, शनिवार जाऊबाईंकडे, बाकी तुमच्याकडे, असं मी वहीत मांडून पाहिलं आहे. जमतं.

तिला सोमवारी साहेबांना सांगायचं आहे. आपल्यापैकी ज्यांनी ओळखीच्या साहेबांना फोन करून टेबलासाठी शब्द टाकला आहे त्यांनी (नाव घेत नाही, पण ते हे नक्की वाचतील) रविवारच्या आत पुन्हा फोन करून 'राहू द्या' म्हणावं. आणि मुलाला रात्री झोपताना कोमट दूध लागतं, साय काढून, असं त्याच्या आईने सांगितलंय. कपही त्याचा ठरलेला आहे, निळा. तो मात्र कुणीतरी आठवणीने माझ्याकडे पोचवा.